अंगण खरंच वाकडं असलं तर?

रविवारी सकाळी आईचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "कामात नाहीस ना? माझंच काहीतरी चुकत असेल बघ, पण..." त्या 'पण'च्या पुढे कधी ओटीपी येत नसतो, कधी फोटो अपलोड होत नसतो, कधी मोबाईलमध्ये काहीतरी 'आपोआप' झालेलं असतं.

तुमच्याही घरी असा फोन असणार. घरातलं जे पोर मोबाईलमध्ये सगळ्यात जास्त डोकं घालून बसतं, तेच पुढे घरादाराचं कस्टमर केअर होतं. लहानपणी ज्यासाठी बोलणी खाल्ली, त्याचाच मोठेपणी मान मिळतो. आणि मान मिळाला की माणूस थोडा चढेल होतो. मी झाले होते.

गेल्या वर्षीचा एक रविवार सांगते. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या नावावरची थोडी रक्कम आईला मिळायची होती. वारस म्हणून तिचं नाव लावलेलं होतंच, फक्त ऑनलाइन अर्ज भरायचा होता. आई गावी, मी पुण्यात, मधे फोन. आधार नंबर झाला, ओटीपी आला, नाव भरलं आणि लाल अक्षरं उमटली.

"काय लिहिलंय?"

"अवैध नाव. कृपया बरोबर नाव भरा."

"मग भर ना बरोबर!"

"अगं, माझं नाव मला माहीत नाही का?"

तिने पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. "आई, तू नीट बघतच नाहीस. सावकाश एकेक अक्षर बघून टाइप कर." चौथ्यांदा साइटने चोवीस तासांसाठी दार लावून घेतलं. फोन ठेवताना आई म्हणाली, "सॉरी गं, तुझा रविवार घालवला. मला हे जमतच नाही."

नवरा गेलेल्या बाईला एक यंत्र सांगत होतं की तुझं नाव खोटं आहे. आणि माफी मात्र ती मागत होती. तीही माझी.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही कागदांचे फोटो पाठवले तेव्हा घोळ कळला. आईच्या नावात 'क्ष' आहे. बाबांच्या ऑफिसच्या कागदावर तो इंग्रजीत 'एक्स'ने लिहिला होता, आधार कार्डावर 'के-एस-एच'ने. मराठीत दोन्हीकडे तेच नाव. देवनागरीत आईची एकच ओळख होती, रोमन लिपीत दोन बायका झाल्या होत्या. शाळेत बीजगणितात आपण 'क्ष'ची किंमत काढायचो, तसा आता आईचा 'क्ष' कुणीतरी काढायला हवा होता.

ही चूक झाली कशी, याचा माग काढणं अवघड नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. मग गावोगाव शिबिरं लागली. शाळेच्या वर्गात लॅपटॉप मांडून बसलेली मुलं भराभर नावं टाइप करत होती आणि बाहेर रांग होती. 'क्ष' इंग्रजीत कसा लिहायचा याचा नियम त्यांना कुणी दिला नव्हता. बाबांच्या ऑफिसातल्या क्लार्कलाही दिला नव्हता. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच लिहिलं. आईने तर दोन्हीपैकी काहीच लिहिलं नव्हतं. तिला एवढंच विचारलं होतं, "मावशी, नाव सांगा." तिने सांगितलं.

म्हणजे या गोष्टीत ज्या एका व्यक्तीने काहीच चूक केली नाही, तिलाच 'बरोबर नाव भरा' असं सांगितलं गेलं. आणि तिला ते पटलं!

इथवर मी आईच्या बाजूने चिडलेली मुलगी होते. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. अ‍ॅपच्या स्क्रीनवर जे शब्द दिसतात, ते लिहिणं आणि मराठी-हिंदीत आणणं हे माझं काम. ती साइट आमची नव्हती. पण 'अवैध नाव' हे शब्द मी आमच्या एका अ‍ॅपसाठी स्वतः लिहिलेले आहेत. मूळ इंग्रजी वाक्य समोर होतं, त्याचं मराठी केलं आणि पुढच्या ओळीवर गेले. अर्ध्या मिनिटाचं काम. 'अवैध' हा शब्द आपण धंद्यांना लावतो, दारूला लावतो, बांधकामाला लावतो. तो एखाद्याच्या नावाला लावताना कसा वाचला जाईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

चाचणी घेताना आम्ही काय नावं टाकतो माहीत आहे? 'टेस्ट युजर', 'एबीसी', किंवा शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचं नाव. सगळी नावं एकाच प्रकारे लिहिली जाणारी, लग्नानंतर न बदललेली, आडनाव असलेली. त्यामुळे चाचणी पास होते. पुढे कुणाची तक्रार आली, तर ती बऱ्याचदा 'युजरची चूक' असा शेरा मारून बंद होते. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे : अडचण कीबोर्ड आणि खुर्ची यांच्या मधे आहे. म्हणजे यंत्रात नाही, यंत्रासमोर बसलेल्या माणसात आहे. या विनोदावर मी हसलेले आहे. त्या रविवारी खुर्चीत आई होती.

मराठीत याच अर्थाची म्हण आहे : नाचता येईना, अंगण वाकडं. म्हण चांगलीच आहे, स्वतःचं अपयश दुसऱ्यावर ढकलणाऱ्याला ती जागेवर आणते. पण तिचा एक परिणाम असा होतो की अंगणाकडे कुणी बघतच नाही. पाय मुरगळलेल्या माणसाने 'इथे खड्डा आहे' म्हटलं, तरी लोक हसतात. मग तो बोलायचं सोडतो आणि मुकाट्याने नाचायचा सराव करतो. माझा प्रश्न एवढाच आहे : अंगण खरंच वाकडं असलं तर? आणि ते बांधणारे आपणच असलो तर?

डॉन नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. दारं, नळ, शेगड्या, टेलिफोन. ढकलायचं की ओढायचं हे कळत नाही अशा दारांना आज लोक त्याच्याच नावाने ओळखतात. त्याच्या लक्षात आलेली महत्त्वाची गोष्ट दारांपेक्षा माणसांबद्दलची होती. वस्तू नीट चालली नाही की माणसं स्वतःला दोष देतात. आणि प्रत्येकाला वाटतं की असं फक्त आपल्याच बाबतीत होतं, म्हणून कुणी बोलत नाही. कुणी बोलत नाही, म्हणून दार तसंच राहतं.

दारापाशी ही गंमत आहे. पण यंत्राचं म्हणणं खरं आणि माणसाचं खोटं, हे जेव्हा सगळी व्यवस्थाच धरून चालते, तेव्हा काय होतं याचं उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं आहे. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून शाखाशाखांमध्ये 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली. लहान शाखा चालवणारे लोक म्हणजे बहुतेक गावातले साधे दुकानदार, त्यांत भारतीय वंशाचेही बरेच. संध्याकाळी हिशेब लावताना स्क्रीनवर तूट दिसू लागली. कधी शेकड्यांत, कधी हजारो पौंडांत. करार असा की तूट आली तर शाखा चालवणाऱ्याने भरायची. लोकांनी साठवलेले पैसे घातले, कर्जं काढली. मदतीच्या फोनवर अनेकांना सांगण्यात आलं की ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले, नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संगणकाचा पुरावा ग्राह्य धरण्याआधी तो नीट चालत होता हे दाखवण्याची जुनी अट तिथल्या संसदेने १९९९च्याच एका कायद्याने काढून टाकली होती. तेव्हापासून, उलट काही पुढे आलं नाही तर यंत्र बरोबरच, असं न्यायालय धरून चाले. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचं स्पष्ट म्हटलं. २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

हे वाचताना मला सगळ्यात जास्त टोचलं ते फोनवरचं वाक्य : फक्त तुम्हालाच. कारण आईला मीही तेच ऐकवत होते. "सगळ्यांना जमतं आई, तुलाच कसं जमत नाही?"

आता कुणी म्हणेल, मग काय जुने दिवस आणायचे? नको. त्या दिवसांत खिडकीपलीकडचा साहेब जेवायला गेलेला असायचा. तो आडनाव बघून आवाज बदलायचा आणि 'चहापाण्याचं' बघायला सांगायचा. आजीला तिच्या कामासाठी तालुक्याला सहा खेपा घालाव्या लागल्या होत्या. यंत्र लाच मागत नाही, जात विचारत नाही, रात्री अकरालाही अर्ज घेतं. हे थोडं नाही. ज्यांना खिडकीपाशी कायम खालच्या आवाजात बोलावं लागलं, त्यांच्यासाठी तर मुळीच थोडं नाही.

पण त्या खिडकीला एक गोष्ट होती, माणूस. त्याने 'नाही' म्हटलं तर ते नाही त्याचं असायचं. त्याच्याशी भांडता यायचं, त्याच्या वरच्याकडे जाता यायचं, निदान घरी येऊन त्याला शिव्या घालता यायच्या. लाल अक्षरांतल्या 'नाही'ला धनी नसतो. आणि ज्या रागाला जायला जागा नसते तो उलटा फिरतो. माणूस स्वतःवर चिडतो, किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या माणसावर. त्या रविवारी आई स्वतःवर चिडली होती आणि मी तिच्यावर. ज्याच्यावर चिडायला हवं होतं, तो आमच्या संभाषणात कुठेच नव्हता.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला प्रत्येक 'क्ष' आधी दिसणार नाही, हे मला मान्य आहे. मीच ते काम करते, मला माहीत आहे. चूक होणं हा गुन्हा नाही. पण आपली चूक झालेली असताना ती दुसऱ्याच्या पदरात घालणं, तेही अशाच्या, जो उलट बोलू शकत नाही, ही मात्र नीती-अनीतीची गोष्ट आहे. 'अवैध नाव' आणि 'आमच्याकडच्या दोन नोंदींत तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे' या दोन वाक्यांत फरक भाषेचा नाही. पहिल्यात दोष वाचणाऱ्याचा आहे, दुसऱ्यात लिहिणाऱ्याचा. दुसरं वाक्य लिहायला जास्त वेळ लागतो, कारण आधी खरं काय झालं ते शोधावं लागतं. आणि त्याखाली एक फोन नंबर द्यावा लागतो, जिथे कुणीतरी उचलेल.

आईचं काम शेवटी झालं. ऑफिसात गेल्यावर एका मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकच आहात की हो तुम्ही." दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं. चार महिने गेले. दोन कागद शेजारी ठेवून माणसाकडे बघायला त्या मॅडमना जेमतेम एक मिनिट लागलं होतं.

कंपनीत मी आमच्या अ‍ॅपमधलं ते वाक्य बदलायची विनंती टाकली. ते लगेच झालं असं नाही. "वाक्य लांब होतंय, बटणाखाली बसत नाही," असं उत्तर आलं. दोनदा परत आली. तिसऱ्यांदा वाक्य बदललं, फोन नंबरचं अजून 'विचाराधीन' आहे. चाचणीच्या यादीत मात्र आता आईचं नाव आहे, दोन्ही स्पेलिंगांनी.

आईत काही बदल झालेला नाही. कालच फोन आला. "माझंच काहीतरी चुकत असेल बघ, पण..." चाळीस वर्षांची सवय एका प्रतिज्ञापत्राने जात नाही. बदलले असेन तर मी, तेही थोडीच. पूर्वी मी लगेच विचारायचे, "तू काय केलंस?" आता विचारते, "त्याने काय केलं?"

मग ती चष्मा लावते आणि स्क्रीनवरचं एकेक अक्षर मला वाचून दाखवते. मी ऐकते. त्यातली बरीचशी वाक्यं माझ्यासारख्याच कुणीतरी घाईत लिहिलेली असतात.