मुद्रा आणि कर्ता

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये घडविलेल्या एखाद्या साखरेच्या चिमट्याच्या भुजांची आतली बाजू भिंगाखाली धरली, म्हणजे वळणदार ‘एच’ व ‘बी’ ही अक्षरे, चांदीच्या कसाची ग्वाही देणारा चालता सिंह आणि, तो चिमटा १७८४ च्या डिसेंबरनंतरचा असेल तर, महसूल भरल्याची निशाणी म्हणून राजाचे मस्तक असे बारीक ठसे कित्येकदा आढळतात. ती अक्षरे हेस्टर बेटमन हिची; पतिनिधनानंतर, १७६१ साली, तिने ही मुद्रा सोनारांच्या संघाच्या दफ्तरी नोंदविली.

परंतु तिच्या कारखान्यात तिचे पुत्रही राबत होते. तेव्हा हा विशिष्ट चिमटा कोणाच्या हातोडीखाली वाकला हे ती मुद्रा सांगत नाही. चांदी हिणकस निघाल्यास जाब कोणी द्यावयाचा, एवढेच सांगते. कर्त्याचा हाच प्रश्न दर्शनांतही उपस्थित झाला: नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जगद्रूप कार्यावरून ईश्वररूप कर्त्याचे अनुमान केले, त्यांच्याही पूर्वी बौद्ध आचार्य शांतरक्षितांनी, घरे अनेक हातांनी उभी राहतात याकडे बोट दाखवून, एकाच कर्त्याचा आग्रह निराधार ठरविला होता, आणि तर्कापुरते मला शांतरक्षितांचेच म्हणणे पटते.

तथापि भाविक मनुष्य संकटकाळी देवापुढे उभा राहतो तो जग कोणी घडविले याचा निवाडा मागण्यासाठी नव्हे; या दुःखाची जबाबदारी पत्करणारा कोणी आहे काय, हे तो कळवळून विचारीत असतो, आणि त्या प्रश्नाला नैयायिकांच्या अनुमानाने उत्तर मिळत नाही.