भयाची मुखत्यारी

ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी, म्हणजे हॅलोवीनला, सूर्यास्ताचा सुमार झाला की, अमेरिकेतील उपनगरांतून भुताखेतांची, चेटकिणींची आणि हाडांच्या सापळ्यांची जी सोंगे दारोदार हिंडू लागतात, ती दोन-तीन वर्षांच्या बालकाच्या दृष्टीस पाडावीत की न पाडावीत, हा प्रश्न त्या देशातील आईबापांना दरसाल पडतो. आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर तो विशेष निकडीने पडतो, कारण बहुधा त्याच सुमारास त्यांच्या दारावर आकाशकंदील लागलेला असतो आणि शेजाऱ्याच्या अंगणात थडगी मांडलेली असतात. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण भयाच्या मात्रेत शोधतात: अमुक मुखवटा फार भेसूर, तमुक चालण्यासारखा. मला मात्र वाटते की, मात्रेच्या आधी मुखत्यारीचा विचार व्हावा. भय कोणी घालावयाचे, ते कोणाच्या हुकमाने सुरू व्हावयाचे आणि कोणाच्या हुकमाने थांबावयाचे, यावर बालकाचे हिताहित अधिक अवलंबून आहे.

हॅलोवीन मुळात बालकांना भिवविण्यासाठी जन्मलेला सण नव्हे. आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्टिक लोक, पिके घरात आली आणि गुरे कुरणांवरून परतली म्हणजे, साविन नावाचा सण पाळीत. त्या रात्री इहलोक व परलोक यांमधील सीमा विरळ होते, अशी त्यांची श्रद्धा असे. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरविला आणि त्याच्या पूर्वरात्रीत ही जुनी श्रद्धा मिसळून गेली. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लक्षावधी आयरिश माणसे अमेरिकेत आली, तेव्हा शलगम कोरून त्यात दिवा ठेवण्याची त्यांची रीत त्या मुलखातल्या ऐसपैस भोपळ्यावर स्थिरावली.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही रात्र गावोगावच्या पोरांच्या अंमलाखाली होती. कुंपणाची फाटके बिजागरीतून उचलून न्यावीत, खिडक्यांच्या काचांना साबण फासावा, हा त्यांचा वार्षिक हक्कच समजला जाई. मिनेसोटा राज्यातील अनोका या गावाने १९२० साली मुलांची रीतसर मिरवणूक काढून या धुडगुसाचा बंदोबस्त केला. परंतु १९३० नंतरच्या मंदीच्या काळात खोड्यांना नासधुशीचे स्वरूप येऊन ठिकठिकाणी फिर्यादी होऊ लागल्या, तेव्हा घरमालकांनी व नागरी संस्थांनी मुलांशी तहच केला, असे म्हटले तरी चालेल. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ही आरोळी त्या तहाचे मुख्य कलम होय: खाऊ द्या, नाही तर खोडी काढतो. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आल्यामुळे हा प्रघात काही वर्षे मंदावला. युद्धोत्तर काळात तो देशभर रुजला. या साऱ्या इतिहासात सोंग मुलाचे असे आणि दचकावयाचे ते मोठ्यांनी. हातात पिशवी धरलेले चिमुरडे भूत दार ठोठावी आणि घरधनीण भ्याल्याचा आविर्भाव करून मूठभर गोळ्या त्या पिशवीत टाकी. ज्याला दिवसभर सर्वांचे ऐकावे लागते, त्याला एक संध्याकाळ सर्वांना भिवविण्याची मुभा मिळे.

गेल्या चार-पाच दशकांत ही मुखत्यारी प्रौढांकडे सरकली आहे. १९७८ साली जॉन कारपेंटर यांच्या चित्रपटाने या सणाच्या नावालाच खुनाचा रंग दिला. २०२० साली होम डेपो या दुकानसाखळीने बारा फूट उंचीचा सापळा विक्रीस ठेवला आणि तो हातोहात खपला. आणि माणसाची चाहूल लागताच किंचाळणारी, डोळे वटारणारी यंत्रे आता कोणत्याही अंगणात असतात. न्यू जर्सीत भाचीकडे गेलो असता तिचा तीन वर्षांचा मुलगा वाघाचे सोंग घेऊन, शेपटी आपल्याच हातात धरून, मोठ्या ऐटीत निघालेला मी पाहिला. पहिल्या काही दारांवर त्याने डरकाळ्या फोडल्या आणि आतली माणसे दोन पावले मागे सरली. पुढल्या अंगणातील पायवाटेवर त्याचे पाऊल पडते न पडते तोच गवतात आडवे पडलेले प्रेत कण्हत उठून बसले. मुलगा रडला नाही. रडला असता तर बरे झाले असते. तो जागीच थिजला आणि शेपटी हातातून सुटली. हे यंत्र आहे, असे त्याच्या आईने त्याला तेथेच समजावले, तार दाखविली, कळ दाखविली. रात्री निजताना त्याने मला विचारले, “आजोबा, ते काका आता त्यांच्या घरी गेले का?”

बालकाची बुद्धी या वयात काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा उत्तम दाखला ऱ्हेटा डीव्ह्रीज या संशोधिकेने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिळतो. मेनार्ड नावाच्या एका गरीब मांजरास मुलांनी आधी हाताने कुरवाळले. मग त्याचा पुढचा भाग पडद्याआड ठेवून, शेपटीकडील अंग मुलांच्या नजरेसमोरच राहील अशी तजवीज करून, त्याच्या तोंडावर उग्र कुत्र्याचा मुखवटा चढविण्यात आला. सहा वर्षांच्या मुलांनी हे मांजरच आहे असे ओळखले. तीन वर्षांच्या मुलांपैकी पुष्कळांना मात्र ते खरोखर कुत्रा झाले आहे असे वाटले. ज्याच्या लेखी रूप पालटले की वस्तूच पालटते, त्याला “ते खोटे आहे रे” हे आपले आश्वासन कितीसे पुरणार?

तरी म्हणून मुलाला त्या संध्याकाळी घरात कोंडून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याचे भय ज्या रीतीने घालविले, ती येथे स्मरणीय आहे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवीत; त्याला सोसेल तसतसा जवळ आणीत; न भिणारी इतर मुलेही आसपास खेळत; आणि अखेरीस तोच मुलगा सशाला आपली बोटे चाटू-चावू देऊ लागला. खाऊ, सोबत आणि सोसेल तेवढीच जवळीक, या तिन्ही गोष्टी जुन्या हॅलोवीनमध्ये आपोआप होत्या. मुलाने मुखवटा आधी उजेडात हाताळावा, आरशासमोर स्वतः चढवावा व उतरवावा, फाटकाशी उभे राहून “आत नको” म्हणावे, आणि त्याच्या या नकाराला थट्टेने उत्तर मिळू नये. त्याचा हात ओढून “भित्रा कुठला” म्हणत त्याला दारापर्यंत नेणारा बाप त्या यंत्राहून अधिक अपाय करतो.

मोठ्यांची स्वतःची भीती मात्र भलतीकडेच धावते. अनोळखी माणूस खाऊत विष घालील, या धास्तीने पिढ्यान् पिढ्या गोळ्या तपासल्या गेल्या. परंतु समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांना अनेक वर्षांच्या शोधात परक्याने अशा रीतीने मूल मारल्याची एकही शाबीत घटना आढळली नाही, आणि १९७४ साली टेक्सासमध्ये जो मुलगा सायनाइडने मेला त्याचा मारेकरी त्याचा जन्मदाताच होता. खरा धोका रस्त्यावर आहे: १९७५ ते २०१६ या कालखंडाच्या पाहणीत त्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा संभव इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के अधिक दिसून आला. काळा झगा घातलेल्या मुलाच्या हाती विजेरी देणे, हे गोळ्या तपासण्याहून अगत्याचे आहे.

नातवंडांकडे गेलेले आपल्यातील काही वडीलधारे या सणाला अभद्र म्हणून नाक मुरडतात. त्यांना मी बागुलबुवाची आठवण देईन. घास गिळावा, डोळे मिटावेत म्हणून अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखविण्याचा आपला जो प्रघात, त्यात मुलाकडे ना मुखवटा, ना आरोळी, ना खाऊ. सारा अंमल मोठ्यांचा. अशा भयापेक्षा शेपटी हाती धरून डरकाळी फोडावयास लावणारा सण मला निःसंशय अधिक पसंत आहे.

दहा वर्षांच्या मुलामुलींचा मात्र येथे वेगळा दावा आहे आणि तो रास्त आहे. मुखवट्यामागे माणूस आहे हे पक्के ठाऊक असल्यामुळेच त्यांना भिण्यात रस वाटतो. लहानग्यांच्या सोयीसाठी सगळीच भुते गोजिरवाणी केली, तर या थोरल्यांच्या हातून त्यांची रात्र हिरावली जाईल. अमेरिकेतील अनेक गावे दार ठोठावण्याच्या वेळा आधीच जाहीर करतात. त्या जाहीरनाम्यात एवढेच कलम वाढवावे की, दिवेलागणीपर्यंत अंगणातली यंत्रे बंद राहतील आणि पहिला तास वाघांना, सशांना व परीराण्यांना मिळेल. अंधार पडल्यावर प्रेतांनी खुशाल उठून बसावे.