दोष आणि दोषी

दोष सापडला की माणसाला समाधान होतं, पण दोषी सापडला की आनंद होतो. दूध का नासलं याच्याशी आपल्याला फारसं कर्तव्य नसतं. कुणामुळे नासलं ते एकदा कळलं की काळा चहासुद्धा गोड लागतो.

वीस वर्षं बँकेत काढल्यावर हा स्वभाव मला नवा नाही. पण त्यावर विचार करायला लावलं ते घरच्या जुन्या पेंटियम फोरने. मेमरी ५१२ एमबी, डबा पिवळा पडलेला, पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीचा. सौ. त्याला 'तुमचं भंगार' म्हणते, जोर 'तुमचं'वर. त्यावर मी लिनक्स बसवायला घेतलं. हेलसिंकीच्या लायनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते, आणि फुकट म्हटल्यावर कॉमर्सचा पदवीधर मागे हटत नाही. तिच्यातली डेबियन निवडली, तीही बारावी आवृत्ती. कारण २०२५च्या तेराव्या आवृत्तीने असल्या ३२-बिटी म्हाताऱ्यांसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. यंत्रांनाही निवृत्ती असते, फक्त पेन्शन नसतं.

सीडीवरचं काम सुरळीत झालं. पुढचं सामान इंटरनेटवरून आणायची वेळ आली आणि यंत्र अडून बसलं. घरात तत्काळ चौकशी समिती नेमली गेली. पुतण्या म्हणाला, "काका, हार्ड डिस्क गेली. फेका आता." सौ. म्हणाली, "अहो, मी कधीची सांगतेय!" शेजाऱ्यांनी फुकट वस्तूंच्या दर्जावर दहा मिनिटं घेतली.

मी बँकेच्या रीतीने एकेक खातं तपासत गेलो. सीडीची प्रत अस्सल आहे ना, हे पाहायला चौसष्ट अक्षरांची एक 'बेरीज' दिलेली असते. ती तंतोतंत जुळली. मेमरी रात्रभर तपासली, निर्दोष. डिस्कही निर्दोष. मग पडद्यावरची ओळ सावकाश वाचली. तिचा अर्थ होता, ही फाइल अजून वैध झालेली नाही. अजून? यंत्राला तारीख विचारली. १ जानेवारी २००२! वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल केव्हाच संपला होता. त्यामुळे आजची सहीशिक्क्याची फाइल त्याच्या दृष्टीने पुढच्या तारखेचा चेक ठरली. तो मी तरी कुठे पास करतो? सेल बदलला, तारीख लावली, गाडी सुटली.

फाइल खरी, सही खरी, यंत्र नियमाने वागलेलं. सगळे प्रामाणिक, तरी काम अडलेलं. दोष होता, दोषी कुणीच नव्हता.

पंधरा वर्षांपूर्वी एका शाखेत कॅश नऊशे रुपयांनी कमी भरली. नोटा कॅशियरच्या हातात, म्हणून शंकाही त्याच्यावरच. त्याने पैसे खिशातून भरले आणि तीन दिवस डबा एकट्याने खाल्ला. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधावी, हे निम्म्या शाखेला ठाऊक होतं. पण दोषी हाताशी असताना दोष शोधतो कोण? चौथ्या दिवशी सापडलं: स्लिपवर ४,५००, संगणकात ५,४००. नऊशे रुपये त्याला परत मिळाले. ते तीन दिवस मात्र कुणी परत केले नाहीत. ते कोणत्या खात्यात जमा करायचे, त्याची स्लिप कुठल्याच बँकेने छापलेली नाही.

शंका घेणं पाप नव्हे. बँक चालते ती शंकेवरच. प्रश्न क्रमाचा आहे. सीडीवर शंका घेतली तर तिची झोप उडत नाही, मेमरीला घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचं नसतं. म्हणून आधी वस्तू तपासाव्यात, मग आकडे, आणि माणूस अगदी शेवटी. तोवर बहुधा माणसापर्यंत जायची वेळच येत नाही.

आणि समोरचा खोटंच बोलतोय अशी खात्री झाली, तरी आधी त्याच्या घड्याळात तारीख कोणती आहे ते विचारावं. फार तर काय होईल? आपल्याच घड्याळाचा सेल बदलावा लागेल.