जॉनचा प्रश्न

15 जानेवारी 2012 च्या रात्री बीबीसीवर ‘शेरलॉक’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग लागला आणि नायकानं लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी मारली. खाली फूटपाथवर रक्त, बघ्यांची गर्दी, स्ट्रेचर. डॉ. जॉन वॉटसन धडपडत गर्दीत शिरतो, मित्राचं मनगट धरून नाडी बघतो. नाडी लागत नाही. मग दफनभूमी. काळ्या दगडासमोर उभा राहून जॉन, हा सैन्यातून आलेला डॉक्टर, मेलेल्या मित्राकडे शेवटचा एक चमत्कार मागतो आणि ताठ मानेनं परत फिरतो. कॅमेरा जरा बाजूला सरकतो. थोड्या अंतरावर शेरलॉक उभा असतो, धडधाकट.

भाग संपला. पुढचा भाग लागला तो थेट 1 जानेवारी 2014 ला. मधली जवळजवळ दोन वर्षं जगभरच्या प्रेक्षकांनी एकाच प्रश्नावर घालवली: हा वाचला कसा?

त्या दोन वर्षांतली डोकेबाजी खरोखर थक्क करणारी होती. लोकांनी तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिला. कुणाच्या लक्षात आलं की फूटपाथजवळ पिशव्यांनी भरलेला एक ट्रक उभा होता आणि पुढच्या दृश्यात तो निघून जातो. म्हणजे शेरलॉक त्यात पडला असणार. कुणाला आठवलं की आधी प्रयोगशाळेत तो रबरी चेंडूशी चाळा करत बसला होता. चेंडू काखेत दाबून धरला तर मनगटाची नाडी लागत नाही, हे वैद्यकीय ज्ञान त्या काळात असंख्य अडाणी लोकांना झालं! शवागारात काम करणाऱ्या मॉली हूपरकडे त्यानं आदल्या रात्री मदत मागितली होती, तेव्हा प्रेत तिनं पुरवलं असणार. अपहरणातून सुटलेली लहान मुलगी शेरलॉकला पाहून किंचाळली होती. म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणीतरी होताच. त्यात स्टीव्हन मोफॅट या लेखक-निर्मात्यानं मुलाखतीत काडी टाकली की एक धागा सगळ्यांच्या नजरेतून सुटला आहे. झालं, लोक पुन्हा पहिल्या मिनिटापासून बघायला बसले. रुग्णालयाजवळच्या लाल टेलिफोन बूथवर चाहते चिठ्ठ्या चिकटवून जात, आमचा शेरलॉकवर विश्वास आहे म्हणून.

या सगळ्याला रिकामटेकडेपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. एखाद्या कलाकृतीकडे इतक्या बारकाईनं बघणं हा तिचा सन्मानच आहे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांवर पोसलेल्या पिढीला हे सुख ठाऊक आहे, आणि घराघरांत फाजील चौकशा करणाऱ्या पोराला ‘मोठा शेरलॉक होम्स लागून गेलास’ हे ऐकावं लागलेलं आहे.

खटकतं ते वेगळंच. या सगळ्या तर्कांमध्ये जॉन कुठं होता?

होता तर खरा. प्रत्येक तर्कात होता. उडी मारण्याआधी शेरलॉकनं त्याला फोनवरून बजावलं होतं, आहेस तिथंच उभा राहा, हलू नकोस. का, तर जॉन आणि फूटपाथ यांच्यामध्ये एक बुटकी इमारत येत होती, त्यामुळे शेरलॉक जमिनीवर कसा पोचला ते त्याला दिसणार नव्हतं. मग एक सायकलवाला येऊन त्याला धडकला आणि आणखी काही क्षण गेले. नाडी बघण्यापुरता तो जवळ येऊ दिला गेला आणि लगेच दूर लोटला गेला. आपल्या तर्कांत जॉनचं काम इतकंच: तो कुठं उभा होता आणि तिथून काय दिसत होतं. जिवलग मित्र डोळ्यांदेखत मरताना बघितलेला माणूस आपल्यासाठी नकाशावरचा एक ठिपका झाला. आपल्याला असं करणं परवडलं, कारण शेवटच्या दृश्यात आपल्याला दिलासा मिळाला होता. शेरलॉक जिवंत आहे हे आपल्याला कळलं होतं, त्याला नव्हतं.

2014 च्या ‘द एम्प्टी हर्स’ या भागात मोफॅट आणि त्याचा सहलेखक मार्क गॅटिस या जोडीनं चाहत्यांची फिरकी घेतली. अँडरसन हा पोलिसांचा न्यायवैद्यक तज्ज्ञ शेरलॉकच्या नावानं मंडळ काढून बसला आहे, भिंतभर कागद आणि दोरे, सदस्यांचे तर्कावर तर्क. एकात बंजीची दोरी, खिडकीतून आत झेप आणि मॉलीचं चुंबन. दुसऱ्यात गच्चीवरून पडतो तो फक्त बाहुला. शेवटी शेरलॉक स्वतः येऊन अँडरसनला तिसरी हकीकत सांगतो, तेरा शक्यतांचा हिशेब, हवा भरलेली भलीमोठी गादी, काखेतला चेंडू. तीही खरी की थाप, ते मालिका सांगत नाही. ऐकून अँडरसनचा चेहरा पडतो. दोन वर्षं वाट बघितलेल्या पुष्कळ प्रेक्षकांचाही पडला.

पण माझ्या मते त्या भागाचा प्राण तिथं नाहीच. तो आहे हॉटेलातल्या प्रसंगात. जॉन मेरीला लग्नाची मागणी घालायला तिथं आला आहे, खिशात अंगठी आहे, आणि शेरलॉक वेटरचं सोंग घेऊन, ओठावर रंगवलेली मिशी लावून टेबलापाशी उभा राहतो. दोन वर्षांनी भेटायची ही त्याची तऱ्हा! जॉन त्याची गचांडी धरतो. तिघांची तिथून हकालपट्टी होते, मग ते साध्या कॅफेत जातात, तिथूनही हाकलले जातात, शेवटी कबाबच्या दुकानात. या फिरतीत शेरलॉक मोठ्या हौसेनं आपण हे कसं केलं ते सांगू लागतो आणि जॉन त्याला तोडतो. कसं केलंस याच्याशी मला घेणंदेणं नाही, का केलंस ते सांग.

दोन वर्षं ज्या प्रश्नावर एवढ्या लोकांनी डोकं शिणवलं, तो या गोष्टीतल्या सगळ्यात शोकग्रस्त माणसाला पडलाच नव्हता.

‘का’चं उत्तर अर्ध्यापुरतं शेरलॉककडे आहे. खलनायक मोरिआर्टीचे बंदूकधारी जॉनवर, घरमालकीण मिसेस हडसनवर आणि इन्स्पेक्टर लेस्ट्रेडवर नेम धरून होते. शेरलॉक मेला नसता तर ते मेले असते. ठीक. पण नंतरची दोन वर्षं? एक ओळ कळवायला काय झालं होतं? त्यावर शेरलॉक म्हणतो की कितीदा तरी मनात आलं होतं, पण तू कुठंतरी बोलून बसशील अशी भीती वाटली. आणि कळतं काय, तर मोठा भाऊ मायक्रॉफ्ट याला ठाऊक होतं, मॉलीला ठाऊक होतं, रस्त्यावरच्या बेघर हेरांना ठाऊक होतं, आईवडिलांनाही ठाऊक होतं. (ते आईवडील शेरलॉकची भूमिका करणाऱ्या कम्बरबॅचच्या खऱ्या आईवडिलांनीच रंगवले आहेत.) जॉनला तेवढं नव्हतं.

ही क्रूरता मालिकेच्या लेखकांची नाही, ती मूळ कथेतच आहे. आर्थर कॉनन डॉइलनं 1893 च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात ढकललं. वाचक संतापले. एका बाईंनी डॉइलला लिहिलेल्या पत्राची सुरुवातच शिवीनं केली होती. वीस हजार वाचकांनी वर्गणी बंद केली, लोक काळ्या फिती लावून फिरले, अशा आख्यायिका आजही सांगितल्या जातात. त्याच शरद ऋतूत डॉइलच्या पत्नीला, लुइझाला, क्षय झाल्याचं निदान झालं होतं आणि ऑक्टोबरात त्याचे वडील वारले होते. कागदावरच्या माणसासाठी लोक त्याला बोल लावत होते तेव्हा त्याच्या घरात खरं सुतक होतं. हे सगळ्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, हे मान्य.

मग 1903 साली ‘द एम्प्टी हाउस’ कथेत होम्स परतला. धबधब्यात पडलाच नव्हता म्हणे. वरच्या कपारीत लपून बसला होता. तिथून त्यानं खाली काय पाहिलं? आपल्या शोधात आलेला, हाका मारणारा वॉटसन. ते तो नंतर वॉटसनलाच सांगतो आणि वर टोमणा मारतो की तुमचा तपास अगदी गबाळा होता. आणि कळवलं का नाही, तर तुला खरं वाटलं नसतं तर माझ्या मरणाची हकीकत तू इतकी पटेल अशी लिहिली नसतीस. म्हणजे मित्राचं दुःख हा बनावाचा पुरावा होता. कथेत होम्स तीन वर्षं गायब होता, त्या काळात वॉटसनची बायको वारली. डॉइल ती गोष्ट एका वाक्यात उरकतो. होम्सच्या कानावर ते गेलं होतं, तरी तो आला नव्हता. आल्यावर दुःखावर काम हाच उतारा असं सांगून मोकळा झाला. वॉटसनला आयुष्यात पहिल्यांदाच घेरी येते, शुद्धीवर येतो आणि आनंदानं पुन्हा कामाला लागतो. एक वाकडा शब्द नाही.

होम्स भक्तांनी त्या तीन वर्षांचा कोपरान् कोपरा उकरला. तो ल्हासाला गेला होता असा ओझरता उल्लेख डॉइलनं केला आहे, तर त्यावर जामयांग नोर्बू या तिबेटी लेखकानं 1999 मध्ये आख्खी कादंबरी लिहिली, आणि तिच्यातला होम्स आपल्या मुंबईच्या बंदरात उतरतो. छान आहे ती. पण लंडनमध्ये एकटा पडलेला वॉटसन त्या काळात काय करत होता, याची असोशी कुणाला तितकी लागली नाही.

‘कसं’ विचारायची आणि मागे राहिलेल्याला विसरायची ही सवय पुस्तकापुरती राहिली असती तर स्तंभ खर्च करायचं कारण नव्हतं. आपल्याकडे कुणाच्या घरी मृत्यू झाला की भेटायला जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कसं झालं हो?’ मग गेलेल्याची बायको सांगते. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा मिळेना, आयसीयूत नेईपर्यंत सगळं संपलं. सांगितल्यानं मन हलकं होतं हे खरं आहे, पहिल्या दोन-चार वेळा. नंतर ती ऐकणाऱ्यासाठी सांगत असते. ‘शुगर होती का? बीपीची गोळी चालू होती ना?’ या प्रश्नांत गेलेल्याबद्दल फारसं काही नसतं; विचारणारा स्वतःची शुगर आठवून हायसं वाटून घेत असतो. कसं झालं याचं उत्तर ऐकून उठता येतं. आता तुम्ही एकट्या कशा राहाल, हे विचारलं तर बसावं लागतं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यावं लागतं.

आणि जिथं ऐकणारे लाखो असतात, तिथं हे घातक होतं. एप्रिल 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा घरबसल्या छायाचित्रं ताडून पाहणाऱ्या हौशी हेरांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवून टाकलं. आधीच मुलाला शोधत वणवण करणाऱ्या त्या कुटुंबावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. मुलाचा स्फोटाशी काडीचा संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. आपल्याकडे जून 2020 मध्ये मुंबईत एका तरुण अभिनेत्याचा मृत्यू झाला. घरच्यांना प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क होता आणि तपास यंत्रणांचं ते कामच होतं. पण टाळेबंदीत घरी बसलेल्या देशानं कित्येक महिने त्याची मालिका करून बघितली. खोलीचे नकाशे, लाल वर्तुळं, बाण, रोज नवा तर्क. त्याची मैत्रीण त्या तर्कांतलं एक पात्र झाली आणि तिला त्याची काय किंमत मोजावी लागली ते आपण पाहिलंच. मार्च 2025 मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. त्या दिवशी ते बाण काढणाऱ्यांपैकी कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मालिकेकडे परत येतो, कारण एक हिशेब राहिला आहे. ‘कसा वाचला’चं पक्कं उत्तर मोफॅट-गॅटिस यांनी दिलं नाही म्हणून चाहते चिडले. माझ्या मते त्यांनी ते टाळलं हेच उत्तम झालं. कुठलंही उत्तर दिलं असतं तरी पोरकटच वाटलं असतं, आणि जॉनचा प्रश्न त्यांनी निदान मोठ्यानं उच्चारला. डॉइलनं तेही केलं नव्हतं.

पण त्याच भागाच्या शेवटी त्यांनी घाण केली. पार्लमेंटखालच्या भुयारी रेल्वेच्या डब्यात बॉम्ब आहे, उलटी मोजणी चालू आहे, मला हा निकामी करता येत नाही असं सांगून शेरलॉक गुडघे टेकून जॉनची माफी मागतो. मरण समोर बघून जॉन डोळे मिटतो आणि माफ करतो. तेवढ्यात शेरलॉकला हसू फुटतं. बॉम्बला बंद करायची कळ होती. ती त्यानं केव्हाच दाबली होती. प्रेक्षकही खदखदून हसले, मीही हसलो, प्रसंग विनोदी आहेच. तरीही दोन वर्षं फसवलेल्या माणसाला आणखी एकदा फसवून वदवून घेतलेली ती माफी मी माफी धरत नाही. कबाबच्या दुकानातून रक्ताळलेलं नाक दाबत बाहेर पडलेला शेरलॉक जॉनचं देणं लागत होता, आणि 2017 साली मालिका संपली तोवर त्यानं ते फेडलेलं नाही.