धरलेला हात, सोडलेला हात
अभिकल्प, म्हणजे वापरणाऱ्याची गरज ओळखून वस्तूला किंवा मजकुराला दिलेले रूप, ही विद्या वर्गात शिकता येते. परंतु वर्गातले काम शिक्षकाच्या पसंतीने संपते, तर व्यवसायातले काम अनोळखी माणसाची अडचण दूर झाल्यावरच संपते, आणि हे अंतर ओलांडताना नवशिक्याला जाणत्याचा आधार लागतो. संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी टंक, म्हणजे एका वळणाच्या अक्षरांचा संच, घडवणारे र. कृ. जोशी जाहिरात व्यवसायात दीर्घकाळ काम करून मुंबईच्या आयआयटीत, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अभिकल्प केंद्रात अध्यापक झाले, तेव्हा व्यवसायाची शिस्तही वर्गात आली. मात्र असा आधार देताना शिष्याची चुकलेली रेघ गुरूने स्वतः पुसू नये, ती का चुकली हे त्याला पाहू द्यावे; कारण हात धरण्याइतकेच तो वेळेवर सोडणे हेही गुरूचे कर्तव्य आहे.