खेळ आधी कुठे होता?

१९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीने घरच्या टीव्हीला जोडायचे एक यंत्र बाजारात आणले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट होती. या लेखातले एखादे मध्यम लांबीचे वाक्यसुद्धा आजच्या युनिकोड पद्धतीने तेवढ्यात मावणार नाही. पडद्यावरचे पूर्ण चित्र साठवायला त्यात जागाच नव्हती. टीव्हीचा किरण एकेक आडवी रेघ ओढत खाली सरकत असतानाच त्या रेघेत काय दिसायचे, हे प्रोग्रामला सांगावे लागे. चित्र काढणाऱ्या चिपमध्ये हलत्या वस्तू पाचच: दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या आणि एक चेंडू. पाँग आणि रणगाड्यांची लढाई असे खेळ घरी खेळता यावेत, हा त्यामागचा मुख्य हिशेब. त्याच यंत्रावर १९८२ साली ‘पिटफॉल’ आला: जंगल, लोंबत्या वेली, मगरी, भुयारे आणि २५५ पडद्यांचा सलग प्रदेश. यंत्राची मूळ रचना तीच होती. मग १९७७ साली पिटफॉल कुठे होता? कार्य उत्पत्तीपूर्वी कारणात असते की नसते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. त्याला इतका नेमका, बाइटांत मोजता येणारा दाखला क्वचितच मिळतो.

आधी पुरावा नीट पाहू. यंत्रासोबत मिळणाऱ्या ‘कॉम्बॅट’ या खेळात तीन विमाने एकत्र उडत एका बाँबफेक्या विमानाशी लढतात, असा एक प्रकार होता. एकच आकृती शेजारी-शेजारी तीनदा उमटवण्याची सोय चिपमध्ये होती, तिचा तो उपयोग. १९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या यंत्रावर आला, तेव्हा हीच सोय दोन्ही खेळाडूंना लावली गेली. दोन त्रिक सहा, म्हणजे एका रांगेत सहा परग्रहवासी. किरण ती रांग संपवून खाली उतरला की त्याच दोन आकृत्या पुढच्या रांगेसाठी पुन्हा वापरायच्या. सहा रांगांचे ३६ परग्रहवासी झाले. चिपच्या लेखी खेळाडू दोनच राहिले. बुद्धिबळाला ही युक्तीही अपुरी, कारण तिथे एका रांगेत आठ मोहरी. १९७९ च्या ‘व्हिडिओ चेस’मध्ये बॉब व्हाइटहेड यांनी एका रेघेत एकाआड एक मोहरी आणि पुढच्या रेघेत उरलेली मोहरी काढली, मधली रिकामी जागा डोळा भरून काढतो. पिटफॉलमध्ये तर डेव्हिड क्रेन यांनी २५५ पडदे साठवलेच नाहीत. आठ बिटांची एक संख्या ठरावीक नियमाने फिरवत न्यायची आणि तिच्यावरून पडद्यावर खड्डा, विंचू की खजिना हे ठरवायचे, एवढ्यावर ते जंगल उभे राहिले. अख्खा खेळ चार किलोबाइटांत बसला.

इथे पहिला आक्षेप येतो: यंत्र तेच राहिले, पण कार्ट्रिज, म्हणजे आपल्याकडे नव्वदीत टीव्ही गेमची ‘कॅसेट’ म्हणून ओळखली गेलेली डबी, ती कुठे तीच राहिली? आक्षेपात तथ्य आहे. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटांत मावला. १९८८ चा तिसरा मारिओ ३८४ किलोबाइटांचा होता आणि त्याच्या कॅसेटमध्ये स्मृतीचे भाग अदलून-बदलून पुढे करणारी खास चिप होती. निन्टेन्डोच्याच पुढच्या यंत्रावरच्या, १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’ने तर त्रिमिती आकडेमोड करणारा स्वतंत्र प्रोसेसरच डबीत आणला. तिथले श्रेय मूळ यंत्राला देणे अन्यायाचे ठरेल. पण त्यामुळे सगळा पुरावा बाद होत नाही. पिटफॉलच्या कॅसेटमध्ये असे काही नव्हते. सोनीचे प्लेस्टेशन तर खेळ तबकडीवरून वाचत असे आणि तबकडीत चिप घालता येत नाही. १९९४ साली नाम्कोचा ‘रिज रेसर’ त्यावर सेकंदाला ३० चित्रांच्या वेगाने चाले. चार वर्षांनी याच मालिकेच्या चौथ्या खेळासोबत नाम्कोने तो पहिला खेळ पुन्हा लिहून दिला, तेव्हा तो सेकंदाला ६० चित्रांवर धावला. त्यासाठी शर्यतीतल्या प्रतिस्पर्धी गाड्या कमी कराव्या लागल्या, हेही सांगायला हवे. म्हणजे यंत्राला मर्यादा होती आणि मिळकतीची किंमतही मोजावी लागली. पण ती अदलाबदल शक्य आहे हे १९९४ साली कोणी करून दाखवले नव्हते.

सांख्यांना विचारले तर उत्तर सरळ आहे. जे नाही ते कधी निर्माण होत नाही. कार्य कारणात आधीपासून असते, कर्ता त्याला केवळ प्रकट करतो. आपल्या दाखल्यात या मताला अनपेक्षित बळ मिळते. चार किलोबाइटांच्या कॅसेटमध्ये ४०९६ बाइट आणि प्रत्येक बाइटची २५६ रूपे. तेव्हा शक्य असलेल्या सर्व कॅसेटींची संख्या प्रचंड, सुमारे ९,८६५ अंकी, तरीही सान्तच आहे. पिटफॉल त्या यादीतला एक क्रमांक आहे आणि ती यादी यंत्राची रचना ठरली त्या दिवशीच ठरली. मग खेळ आधीपासून होता असे म्हणायला हरकत काय? हरकत अशी, की या अर्थाने सगळेच आधीपासून होते. पडद्यावर निव्वळ खरखर उमटवणाऱ्या असंख्य कॅसेटीही त्याच यादीत आहेत आणि त्यांचे ‘असणे’ पिटफॉलच्या असण्याहून तसूभरही कमी नाही. बाराखडीत ज्ञानेश्वरी आधीच आहे असे म्हणण्यासारखेच हे. जे अस्तित्व खेळाला आणि खरखरीला सारखेच लाभते, ते खेळाविषयी काहीच सांगत नाही. शिवाय नैयायिकांचा जुना प्रश्न उरतोच: प्रकट होणे हेदेखील आधीपासून होते काय? होते, तर १९८२ ची वाट का पाहावी लागली? नव्हते, तर निदान एक गोष्ट तरी नवी निर्माण झाली.

मग न्याय-वैशेषिकांचे असत्कार्यवादी मत मानावे का? कार्य पूर्वी नव्हते, त्याचा प्रागभाव होता. सगळी कारणसामग्री जुळली तेव्हा ते नव्याने उत्पन्न झाले. १९७७ साली यंत्र होते, पण रेघेगणिक चित्र घडवण्याचे कौशल्य परिपक्व झालेले नव्हते; ते आले आणि खेळ झाला. या उत्तराला व्यवहाराचा आधार आहे. १९७९ साली अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन काढली, स्पर्धा वाढली, पैसा आला, आणि पिटफॉल तिथूनच आला. पण पैसा आणि स्पर्धा ही निमित्तकारणे आहेत. शोध का घेतला गेला ते त्यांनी कळते; जे सापडले ते याच यंत्रात का सापडले, ते कळत नाही. १९७५ च्या घरगुती पाँगच्या यंत्रात एकच खेळ चिपच्या मांडणीतच कायमचा बसवलेला होता. त्याच्यापुढे तेच कौशल्य कितीही वर्षे बसवले असते, तरी पाँगच मिळाले असते. म्हणजे फरक केवळ कर्त्याच्या ज्ञानात नाही; एका यंत्रात काही आहे आणि दुसऱ्यात ते नाही.

त्या ‘काही’ला मीमांसकांनी शक्ती म्हटले. वस्तूच्या दृश्य रूपाहून ती वेगळी, आणि थेट दिसत नाही. कार्य पाहिल्यावर, दुसऱ्या कशाने त्याची उपपत्ती लागत नाही म्हणून ती मानावी लागते. नैयायिकांना हे मान्य नाही. शक्ती म्हणजे वस्तूचे स्वरूपच, वेगळा पदार्थ कशाला, असे ते म्हणतील. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चिप आखणाऱ्या अभियंत्यांना तिचे स्वरूप जोडणीन् जोडणी ठाऊक होते. तरी ३६ परग्रहवासी त्यांच्या आराखड्यात कुठे लिहिलेले नव्हते. भागांची यादी पूर्ण झाली म्हणून शक्तीचा हिशेब पूर्ण होत नाही. म्हणून मला तीन दर्शनांपैकी मीमांसकांची मांडणी या दाखल्याला सर्वांत जवळची वाटते: खेळ आधी नव्हता, शक्ती होती, आणि ती किती होती हे खेळ झाल्यावरच कळले.

कोणी म्हणेल, उत्तरकाळातले खेळ ‘सुधारले’ हेच मुळात रुचीवर अवलंबून आहे; साधा टेट्रिस आजही कित्येक भरजरी खेळांहून रंगतो. कबूल आहे. पण इथला युक्तिवाद सौंदर्याच्या क्रमवारीवर उभा नाही. जे यंत्राला जमणार नाही असे वाटे ते जमले, एवढीच सुधारणा त्याला पुरते, आणि ती मोजता येते. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र खेळांपुरता राहत नाही. कर्त्याचा हेतू हे वस्तूच्या शक्तीचे माप नव्हे. शिवाय शक्तीविषयीची दोन विधाने दिसायला सारखी असली, तरी त्यांना लागणारा पुरावा सारखा नसतो. ‘हे एवढे करू शकते’ हे एका खेळाने सिद्ध होते. ‘हे एवढेच करू शकते’ हे आजवर न जमलेल्या हजार गोष्टींनीही सिद्ध होत नाही. त्यासाठी १२८ बाइटांसारखी खरीखुरी सीमा दाखवावी लागते आणि अमुक गोष्ट त्या सीमेपलीकडची आहे हे पटवावे लागते. यंत्राबद्दल, विद्यार्थ्याबद्दल किंवा एखाद्या समाजाबद्दल ‘यांच्याकडून यापुढे काही होणार नाही’ असे म्हणणाऱ्यावर सिद्धतेचा हाच भार आहे. तो उचलला नसेल, तर त्या विधानातून समोरच्याच्या सीमेऐवजी बोलणाऱ्याच्या माहितीची सीमा तेवढी कळते.