कोशनोंदीची नैतिकता : औंढा नागनाथच्या निमित्ताने

ज्ञानकोशातील नोंद हा एक वाङ्मयीन घाट आहे, याकडे समीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. कथा-कादंबरीच्या निवेदकाची चिकित्सा होते. नोंदीला मात्र निवेदकच नसतो असे गृहीत धरले जाते. वस्तुतः तो अनुपस्थित नसतो, केवळ अदृश्य असतो. ‘बांधले गेले’, ‘मानले जाते’, ‘म्हणतात’ या क्रियापदांच्या आडोशाला तो उभा असतो आणि तेथूनच काय सांगावे, काय गाळावे, कोणते विधान कोणाच्या तोंडी घालावे, याचे निर्णय घेतो. प्राचीन वास्तूंविषयीच्या नोंदीत हे निर्णय केवळ शैलीचे राहत नाहीत. अशी वास्तू बहुधा भग्नावशेष असते आणि श्रद्धास्थानही असते; म्हणून तिच्याविषयीच्या प्रत्येक वाक्यामागे कोणाचा तरी अभिमान, कोणाचा तरी उदरनिर्वाह आणि कोणावरचा तरी आरोप दडलेला असतो.

औंढा नागनाथचे मंदिर हे याचे बोलके उदाहरण. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, तारकाकृती विधानाचा, मूर्तिशिल्पांच्या थरांनी भरलेला. वरचा भाग उघडच नंतरचा, चुन्याच्या लेपाने पांढरा झालेला. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, अरुंद पायऱ्यांनी उतरून जावे असा. या वास्तूभोवती चार विधाने नित्य फिरत असतात. ती पांडवांपैकी धर्मराजाने उभारली. ती बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे. तिचा वरचा भाग औरंगजेबाच्या काळात पाडला गेला व अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला. आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी हे देऊळ फिरले.

या चौघांनाही ‘असे मानले जाते’ या एकाच दाव्याला बांधणे हा कोशकाराचा सर्वांत सोपा मार्ग. त्याला तटस्थता म्हणण्याची रीत आहे. परंतु चार भिन्न जातींच्या विधानांना एकच क्रियापद लावणे हे समान अंतर राखणे नव्हे. तो विवेकाचा संन्यास होय. वाचकाला अशा नोंदीतून माहिती मिळते, पण कोणत्या माहितीवर किती भार टाकावा हे मात्र कळत नाही.

पहिले विधान इतिहासाचे आहे आणि म्हणून पुराव्याला उत्तरदायी आहे. मंदिराची शैली यादवकाळाकडे, म्हणजे साधारणतः तेराव्या शतकाकडे बोट दाखवते. येथे कोशाने संकोच करू नये. पांडवांची कथा परंपरा म्हणून द्यावी, काळ म्हणून देऊ नये. मात्र पंडितांची परिभाषाही आख्यायिकेपासून अगदी मुक्त आहे, असा गैरसमज नको. ‘हेमाडपंती’ हे विशेषण यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून आले. पण शिलालेखानुसार १०६० मधील अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळालाही ते सर्रास लावले जाते. हेमाद्री त्यानंतर दोन शतकांनी झाला. लोकांच्या धर्मराजाला ‘दंतकथा’ म्हणून हसणाऱ्याने स्वतःच्या शब्दकळेतला हा हेमाडपंतही तपासून पाहावा.

दुसरे विधान वेगळ्या प्रांतातले. नागेश ज्योतिर्लिंग दारुकावनात असल्याचे परंपरा सांगते. हे दारुकावन कोठले, याची उत्तरे तीन. गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वर, कुमाऊंतील जागेश्वर आणि मराठवाड्यातील औंढा. खरे ज्योतिर्लिंग कोणते, हा प्रश्न उत्खननाने सुटणारा नाही, कारण तो मुळात दगडाविषयी नाहीच. कोशाने येथे निवाडा देणे म्हणजे अधिकारातिक्रम. परंतु औंढ्याच्या नोंदीत द्वारकेचे नाव न घेणे म्हणजे लबाडी. तिन्ही दावे सांगावेत आणि ते श्रद्धेचे दावे आहेत, हेही सांगावे.

तिसरे विधान सर्वांत नाजूक. त्यात वस्तुतः तीन विधाने एकत्र विणलेली आहेत. वरचे बांधकाम नंतरचे आहे, हे डोळ्यांना दिसते. मूळचा भाग कोणाच्या हातून पडला, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे. पुनर्बांधणीचे श्रेय अहिल्याबाईंना देणे हीही परंपराच. फरक इतकाच, की देशभरच्या देवळांच्या जीर्णोद्धाराचे त्यांचे कार्य सुविदित असल्याने ती अधिक संभाव्य वाटते. प्रत्यक्ष दिसणाऱ्या सांध्याची विश्वसनीयता उरलेल्या दोन विधानांना उसनी देणे, हे कोशाच्या भाषेतले मोठे पाप. त्याचप्रमाणे कोणी दुखावेल म्हणून परंपरा गाळून ‘कालौघात पडझड झाली’ असे गुळमुळीत लिहिणे, हेही पापच. पहिल्यात पुराव्याविना आरोप आहे, दुसऱ्यात स्मृतीचा लोप आहे. विधान कोणाचे व कशावर आधारलेले, एवढे सांगितले की दोन्ही टळतात.

चौथी कथा मात्र या वर्गीकरणालाच आव्हान देते. कीर्तनाला समोर उभे असलेल्या नामदेवांना मागे जाण्यास सांगितले गेले आणि देऊळ त्यांच्याकडे वळले. मागल्या बाजूचा नंदी याची साक्ष म्हणून दाखवला जातो. देवळे फिरत नाहीत, हे सांगायला ज्ञानकोश लागत नाही. तरीही ही कथा ‘आख्यायिका’ या उपशीर्षकाखाली ढकलून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. शिंपी कुळातल्या संताला देवासमोरून उठवले जाते, ही घटना या समाजाला संभाव्य वाटत होती आणि ती असह्यही वाटत होती, याचा हा पुरावा आहे. दगड बांधणाऱ्याचा काळ सांगतो. मागे कोणाला उभे केले गेले, हे तो सांगत नाही. ते कथाच सांगते.

हा पेच एकट्या औंढ्याचा नाही. रोममधील पँथिऑनच्या दर्शनी भागावर अग्रिप्पाचे नाव कोरलेले आहे. आजची इमारत मात्र त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, हेड्रियनच्या काळात पुरी झाली आणि ६०९ मध्ये तिचे चर्च झाले. म्हणजे शिलालेखाचे वाचनही विवेकानेच करावे लागते. रोमन जगाशी व्यापार करणारे तगर, म्हणजे आजचे तेर, तेथील त्रिविक्रमाचे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात. ‘मूळचे’ रूप सांगताना ‘आजचे’ रूप खोटे ठरत नाही. भाविक ज्या देवापुढे हात जोडतो तो देव अवशेष नसतो.

केतकरांच्या ज्ञानकोशात संपादकाचा आवाज लपत नव्हता. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. २००३ पासूनच्या मराठी विकिपीडियात नोंद अनेक हातांनी घडते आणि नाव पडद्याआड जाते, पण प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. उत्तरदायित्वाची रूपे बदलली, ते संपले नाही. १ मे १९९९ पूर्वी औंढा परभणी जिल्ह्यात असल्याचे लिहिणारी नोंद खरी होती. तीच आज तशीच ठेवली तर खोटी ठरते. इतके साधे विधानही काळाच्या स्वाधीन असेल, तर अखेरचा शब्द आपलाच, हा आव कोणत्याही कोशाने सोडून द्यावा. वाचकाचा निर्णय स्वतः घेऊन टाकणे हे त्याचे काम नव्हे. निर्णयासाठी लागणारे प्रत्येक वजन त्याच्या तराजूत प्रामाणिकपणे ठेवणे, हे आहे.